थीम पार्कमधला गारवा आणि माझा डावा डोळा

17 जुलै 1955, रविवार. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावात, जिथे काही काळापूर्वीपर्यंत संत्र्यांच्या बागा होत्या तिथे, डिस्नेलँडचं दार उघडलं. बोलावलेले पाहुणे होते साधारण 11 हजार. खोटी तिकिटं छापली गेली आणि आत शिरले 28 हजारांच्या घरात. पारा शंभर फॅरेनहाइटच्या वर, म्हणजे 38 सेल्सिअस. (विदर्भातले वाचक इथे हसतील. हसा, मीही नागपूरचीच आहे.) नुकतंच ओतलेलं डांबर उन्हाने मऊ झालं आणि बायकांच्या सँडलच्या उंच टाचा त्यात रुतायला लागल्या. प्लंबरांच्या संपामुळे नळाची कामं मागे पडली होती. संडास सुरू करायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ, दोन्हींपैकी एकच जमणार होतं. वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. घशाला कोरड पडलेल्या लोकांनी ठरवून टाकलं की कोल्ड्रिंक खपावं म्हणून यांनी मुद्दाम पाणी बंद ठेवलंय.

डिस्नेलँडच्या इतिहासात हा दिवस गमतीचा किस्सा म्हणून सांगतात. सुरुवातीला किती फजिती झाली आणि पुढे बघा किती मोठं झालं, अशा सुरात. मी तो वेगळ्या कारणासाठी वाचते. त्या 28 हजार लोकांत माझ्यासारखं कुणीतरी नक्की असणार. सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे आणि बाहेर पडायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता, एवढंच बघत फिरणारं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. लिहिताना एमएस म्हणते, सोपं पडतं. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू समजून त्या आवरणावरच हल्ला करते. विजेच्या वायरवरचं प्लास्टिक जागोजागी सोलल्यासारखं होतं. 1868 मध्ये पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरने या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. उन्हाचा भाग मात्र त्याच्या बऱ्याच नंतर आला.

1890 मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने एमएसच्या शंभर रुग्णांच्या डोळ्यांवरचा अभ्यास छापला. त्यातल्या चौघांच्या बाबतीत त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. चालून दमले की त्यांची नजर मंदावायची आणि थोडा वेळ बसले की परत यायची. उथॉफला वाटलं हा श्रमाचा परिणाम आहे. श्रमाने अंग तापतं आणि खरं कारण ते तापणं आहे, हे पुढच्या लोकांनी शोधलं. सोललेल्या वायरीतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी काहींच्या बाबतीत तो मध्येच अडतो. अंग गार झालं की पुन्हा वाहायला लागतो. कायमचं नुकसान सहसा होत नाही. याला आजही उथॉफचंच नाव आहे.

डॉक्टरांनी याचा उपयोग कसा केला, ते वाचून मला धडकी भरली होती. 1950 च्या सुमारापासून एमएसच्या निदानासाठी 'हॉट बाथ टेस्ट' वापरात होती. संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि वाट बघायची. नजर गेली, पाय लुळे पडले की निदान पक्कं. 1980 च्या दशकात एमआरआय आला तेव्हा कुठे ही पद्धत मागे पडली. तोवर काहींची लक्षणं टबातून बाहेर काढल्यावरही गेली नाहीत, अशा नोंदी झाल्या होत्या.

माझी हॉट बाथ टेस्ट सीताबर्डीच्या सिग्नलवर झाली. मे महिना, दुपारचे दोन, मी स्कूटीवर. डाव्या डोळ्यातला लाल सिग्नल आधी विटकरी झाला, मग राखाडी. घरी आले तर आईने कैरीचं पन्हं दिलं, आजीने तळपायांना कांदा चोळला. ऊन लागलं, असंच सगळ्यांचं मत. कूलरपुढे अर्धा तास पडून राहिल्यावर रंग परत आले, आणि आजीचा कांद्यावरचा विश्वास आणखी वाढला. खरं नाव कळायला पुढे आठ महिने आणि दोन एमआरआय लागले.

तेव्हापासून गारवा ही माझ्यासाठी चैन राहिली नाही, आणि तो माणसाने तयार कसा केला याचा शोध घ्यायचा नाद लागला. त्या शोधाची सुरुवात मला फ्लोरिडात सापडली. जगातली सगळ्यात प्रसिद्ध थीम पार्कं आज ज्या राज्यात आहेत, तिथेच.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अपालाचिकोला नावाचं, तेव्हा कापसाच्या व्यापाराचं बंदर होतं. 1833 मध्ये तिथे जॉन गोरी नावाचा डॉक्टर आला. दर उन्हाळ्यात गाव तापाने फणफणायचं. हिवताप, पीतज्वर. ताप दूषित हवेतून येतो, असा त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांसारखा त्याचाही समज होता. डासांचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला सिद्ध केला तो 1897 मध्ये. तेव्हा गोरीचं कारण चुकलं होतं, पण उपाय रुग्णाला सुख देणारा होता. तो खोलीच्या छताला बर्फाचं भांडं टांगायचा. गार हवा जड म्हणून खाली उतरायची आणि खाटेवरचा माणूस जरा निवायचा.

अडचण बर्फाची होती. तो उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांमधून कापून जहाजाने यायचा. त्याच व्यापाराचा बॉस्टनचा बर्फ 1833 मध्ये कलकत्त्याला उतरला होता आणि पुढे मुंबईलाही यायला लागला, त्यासाठी मुंबईत बर्फघर बांधलं गेलं. जहाज आलं नाही की गोरीचे रुग्ण तापत पडायचे. म्हणून त्याने यंत्रच बनवलं. हवा दाबायची, दाबताना तापलेली ती पाण्याने गार करायची आणि मग मोकळी सोडायची. पसरणारी हवा भोवतालची उष्णता शोषून घेते. 6 मे 1851 रोजी त्याला अमेरिकेचं 8080 क्रमांकाचं पेटंट मिळालं. भांडवल मात्र मिळालं नाही. बर्फ करणं देवाचं काम, माणसाने त्यात पडू नये, असं म्हणत लोकांनी टर उडवली. जून 1855 मध्ये तो कफल्लक अवस्थेत गेला, डिस्नेलँडच्या त्या तापलेल्या रविवारच्या शंभर वर्षं आधी, जवळपास त्याच दिवसांत.

फ्लोरिडाने 1914 मध्ये त्याचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये बसवला. पण तोवर यांत्रिक गारव्याने दुसराच रस्ता धरला होता. विलिस कॅरिअरने 1902 मध्ये ब्रुकलिनमध्ये आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा उभारली ती छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. मग सिनेमागृहं आली, दुकानं आली, घरं आली. फ्लोरिडाची लोकसंख्या 1950 मध्ये सुमारे 28 लाख होती, ती 1970 मध्ये 68 लाखांवर गेली. एसी नसता तर एवढी माणसं त्या दलदलीत राहायला गेली असती असं मला वाटत नाही. 1 ऑक्टोबर 1971 रोजी ओरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झालं.

डिस्नेच्या पार्कातल्या एसीचा इतिहास तर फारच बोलका आहे. डिस्नेलँडमध्ये 1963 साली 'एन्चँटेड टिकी रूम' उघडली. गाणारे, माना हलवणारे यांत्रिक पक्षी. पूर्णपणे वातानुकूलित असं हे त्या पार्कातलं पहिलं आकर्षण मानलं जातं, आणि कारण प्रेक्षक नव्हते. पक्षी चालवणारी नियंत्रणयंत्रणा तापून चालणार नव्हती. उष्णता न सोसणाऱ्या यंत्राची सोय झाली, तिचा लाभ माणसांना मिळाला. मला त्या पक्ष्यांचा थोडा हेवा वाटतो. त्यांना कुणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.

उष्णता न सोसणारे लोक नवे नाहीत आणि ते फक्त गोऱ्यांच्या देशातलेही नाहीत. पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या 1875 च्या दुसऱ्या आवृत्तीत चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत दिली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस जवळजवळ नाहीत, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून फार त्रास. मुलींना हे होत नाही, पण त्यांच्या मुलांमध्ये उतरतं, हेही त्यात आहे. आज या आजाराला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया म्हणतात. घामाच्या ग्रंथी नसतात किंवा अगदी कमी असतात, त्यामुळे शरीराला स्वतःला गार करता येत नाही. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि डार्विनला ही माहिती कळवणारा माणूस होता विल्यम वेडरबर्न. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी, जो पुढे 1889 मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला, तोच.

याच आजाराच्या एका मुलामुळे अंतराळवीरांचे कपडे रुग्णांपर्यंत पोचले. त्या कपड्यांची कथाही घामापासूनच सुरू होते. 5 जून 1966 ला जेमिनी 9 मधून यूजीन सर्नन अंतराळात बाहेर पडला. त्याचा सूट आतून हवा खेळवून गार व्हायचा. पण सर्ननला इतके कष्ट पडले की घामाने काचेवर धुकं धरलं, त्याला समोरचं दिसेना आणि ठरलेलं काम सोडून परत यावं लागलं. ब्रिटनमध्ये फार्नबरोला वैमानिकांसाठी एक वेगळा प्रयोग आधीच झाला होता, अंगाला चिकटून बारीक नळ्या आणि त्यांतून गार पाणी. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांनी सूटच्या आत असाच नळ्यांचा अंगरखा घातला होता. पुढे 1980 च्या दशकात व्हर्जिनियातल्या एका बाईने नासाच्या लँगली केंद्राकडे विचारणा केली. माझ्या भाच्याला घाम येत नाही, चंद्रावरच्या लोकांना गार ठेवता तसं याला ठेवता येईल का? तिला नाही म्हणून परत पाठवलं नाही. मुलासाठी सूट मिळाला आणि तिने पुढे अशा मुलांसाठी संस्था काढली.

एमएसवाल्यांसाठीही नासाचे लोक अभ्यासात उतरले. 84 रुग्णांवरची चाचणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. तासभर गार अंगरखा घातल्यावर चाल आणि नजर थोडी सुधारली, रोज वापरणाऱ्यांना थकवा कमी वाटला. सुधारणा माफक होती. पण ज्याची नजर पाऊणवर आली आहे त्याला विचारा, माफक म्हणजे किती.

माझ्याकडे नळ्यांचा अंगरखा नाही. जॅकेट आहे, त्यात साधारण 14 अंशांना गोठणाऱ्या पदार्थाचे पॅक बसतात. बर्फासारखे चटका देत नाहीत आणि बर्फाच्या पाण्यात ठेवले की पुन्हा गोठतात. शिवाय मानेला ओला रुमाल. ओल्या रुमालावर मात्र आंधळा विश्वास नको. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर मुंबईत नुसता दमट वारा फेकतो. थीम पार्कात मिळणारे पाण्याचा फवारा मारणारे छोटे पंखे असेच. अनाहाइमच्या कोरड्या उन्हात ठीक, ओरलँडोच्या जूनमध्ये फोटोपुरते. दमट जागी अंगाला लावलेली थंड वस्तू किंवा थंड पाण्यात बुडी, हेच खरं. जॉर्ज मिले या उद्योजकाने 1977 मध्ये ओरलँडोत 'वेट अँड वाइल्ड' काढलं, आधुनिक वॉटर पार्कची सुरुवात तिथून धरतात, आणि ती फ्लोरिडात झाली यात मला काही नवल वाटत नाही. आपल्याकडेही गोराईला 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड आलं आणि 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम.

दोनेक वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसची सहल महाराष्ट्रातल्या एका पार्कात गेली होती. कुठलं, ते जाऊ दे. गेटवर बॅगा तपासणाऱ्या दादांनी माझे पॅक बाहेर काढले.

"मॅडम, बाहेरचं खाणं-पाणी आत चालत नाही."

"दादा, हे खायचं नाही. अंगाला लावायचं असतं. मला आजार आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही तर चांगल्या दिसताय."

डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलमध्ये होती. ती दाखवली. साहेबांना बोलावलं. साहेब आले, चिठ्ठी वाचली, म्हणाले, "असं आमच्या लिस्टमध्ये नाही हो." मागे रांग वाढत होती, आमचे लोक आत गेले होते, आणि आम्ही उभे होतो ते पत्र्याच्या शेडखाली. पॅक तिथेच मऊ होत चालले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हे मी सांगितलं. ते दोघं वाईट माणसं नव्हती. त्यांना फक्त लिस्ट दिली होती.

शेवटी पॅक गेटवर ठेवून आत गेले. साडेबाराला डावा डोळा राखाडी झाला, एकला उजवा पाय ओढत चालायला लागले. ऑफिसातल्या मैत्रिणीने काही न विचारता माझा हात धरला आणि एसी कुठे आहे ते शोधत निघाली. तो होता सुवेनियरच्या दुकानात. तिथे आम्ही दीड तास कीचेन बघितली. विकत घ्यावी लागली तीही, कारण दुकानदार आमच्याकडे बघायला लागला होता.

अमेरिकेतही हा प्रश्न सुटलेला नाही. डिस्नेच्या पार्कात पूर्वी अपंग पाहुण्यांसाठी एक कार्ड मिळायचं. श्रीमंत कुटुंबं रांग टाळायला अपंग व्यक्तींना भाड्याने 'गाइड' म्हणून नेतात, अशा बातम्या 2013 मध्ये आल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नवी पद्धत आली. रांगेत उभं राहण्याऐवजी वेळ घेऊन ठेवायची आणि तेव्हा यायचं. 2024 मध्ये तीही आवळली आणि मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती ठेवली. लबाडी होते हे खरं आहे आणि कुठेतरी रेघ ओढावी लागते, हेही मला कळतं. पण या सगळ्या भांडणात मोजलं जातं ते किती वेळ थांबता येतं. मी दोन तास थांबू शकते, चार तासही, रांग सावलीत आणि गार असेल तर. माझं मोजमाप थर्मामीटरवर होतं, घड्याळावर नाही. तो रकाना कुठल्याच अर्जात नाही.

2023 च्या जूनमध्ये ताईकडे अटलांटाला गेले होते. भाचा नऊ वर्षांचा. त्याला मावशीबरोबर ओरलँडोला जायचं होतं, आणि ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू हॉटेलवर थांब गं, आम्ही दोघं जाऊन येतो." मी जॅकेट दाखवलं आणि कागद दाखवला. कुठली इमारत बंदिस्त आहे, कुठे रांगसुद्धा आत आहे, कुठला खेळ किती मिनिटांचा, हे सगळं मी महिनाभर बसून काढलं होतं. सकाळी दार उघडताना आत, अकराच्या आत उन्हातल्या राइड्स, मग चारपर्यंत छताखाली, बॅगेत थर्मासभर बर्फ.

दुपारी आम्ही 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस'मध्ये शिरलो. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेने जनरल इलेक्ट्रिककरता बनवलेला हा खेळ. यांत्रिक माणसांचं एक कुटुंब आणि त्यांच्या घरात पिढी दर पिढी येत गेलेली वीज. प्रेक्षक बसलेले असतात आणि अख्खं प्रेक्षागृह गोल फिरत एका काळातून दुसऱ्या काळात जातं. वीस मिनिटं, गर्दी कमी, एसी कडक. तरुण लोक याला कंटाळवाणं म्हणतात. म्हणू देत, तेवढीच जागा मोकळी.

दुसऱ्या अंकात 1920 च्या दशकातला उन्हाळा आहे. बाजूचा पडदा उजळतो आणि ऑरव्हिल नावाचा नातेवाईक टबात बसलेला दिसतो. समोर बर्फ ठेवलाय, त्याच्यामागे पंखा लावलाय, आणि या जुगाडाला तो हवा गार करण्याचं यंत्र म्हणतो. सगळे हसतात. अंधारात मी माझ्या मानेवरचा पॅक सरळ केला. गोरीचं नाव त्या खेळात कुठे नाही, पण बर्फावरून येणारी हवा तीच, राज्यही तेच.

बाहेर पडायची वेळ झाली तेव्हा डाव्या डोळ्यातला लाल अजून लाल होता. भाच्याने विचारलं, "मावशी, परत बघायचं?"

"बघू या की," म्हटलं. बाहेर 33 अंश होते.